वाढलेलं हृदय कापून लहान करता येईल का?

इकोच्या रिपोर्टमध्ये हृदयाचा आकार वाढल्याचं वाचलं की बरेच जण विचारतात, "डॉक्टर, ऑपरेशन करून ते लहान नाही का करता येणार?" प्रश्न भाबडा वाटेल, पण ब्राझीलचे सर्जन रांदास बातिस्ता यांनी १९९०च्या दशकात नेमकं तेच केलं.

त्यांचा तर्क साधा होता. फुगा जितका मोठा, तितका रबरावर ताण जास्त. हृदयाचंही तसंच: कप्पा फुगला की तेवढाच रक्तदाब निर्माण करायला भिंतीला जास्त जोर लावावा लागतो. म्हणून त्यांनी डाव्या खालच्या कप्प्याच्या भिंतीचा एक मोठा तुकडा कापून काढला आणि उरलेल्या कडा शिवून टाकल्या. हृदयरोपण परवडत नाही, हृदय मिळतही नाही, अशा रुग्णांसाठी ही मोठीच आशा होती. जगभरचे सर्जन बघायला गेले.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने १९९६ ते १९९८ या काळात ६२ जणांवर हे ऑपरेशन केलं. तीन वर्षांनी सुमारे ६० टक्के हयात होते. आकडा बरा वाटतो ना? पण त्यात कृत्रिम पंप किंवा हृदयरोपणाची गरज पडलेले, पुन्हा पहिल्यासारखीच धाप लागू लागलेले, असेही होते. या सगळ्यातून सुटलेले जेमतेम २६ टक्के. ऑपरेशन मागे पडलं. फुग्याचा नियम खरा होता, पण कापलेला भाग जेवढा आजारी, तेवढाच उरलेलाही आजारी होता. शिवाय लहान झालेल्या कप्प्यात रक्त भरायलाही जागा कमी.

हार्ट अटॅकनंतर निकामी झालेला भाग वगळून कप्पा लहान केला तर? 'स्टिच' या अभ्यासात १००० रुग्णांपैकी निम्म्यांना नुसती बायपास आणि निम्म्यांना बायपाससोबत हे ऑपरेशन असं केलं गेलं. २००९ साली निकाल आला. कप्पा १९ टक्क्यांनी लहान झाला, नुसत्या बायपासने ६ टक्क्यांनी. मृत्यू आणि हृदयासाठी पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच.

गंमत म्हणजे आज वाढलेलं हृदय लहान होताना आम्ही पाहतो ते बहुतेक वेळा गोळ्यांनी. त्यातली बीटा ब्लॉकर ही गोळी तर एके काळी हार्ट फेल्युअरमध्ये वर्ज्य होती! या गोळ्यांना आकारावर परिणाम दाखवायला काही महिने लागतात, म्हणून पुढचा इको लगेच सांगत नाही.