उत्तर देणारी बाहुली

जुलै १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कौवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. हृदय बंद पडल्यास छाती उघडण्याची गरज नाही. उरोस्थीवर बाहेरून तालात दाब दिला तरी रक्त फिरते, असे त्यात दाखवले होते. मूळ निरीक्षण १९५८ मधले. कुत्र्यांवरील प्रयोगांत विजेच्या धक्क्याची जड पॅडल्स छातीवर रेटताच, धक्क्यापूर्वीच, रक्तदाब चढतो हे निकरबॉकर यांनी हेरले. साधने काय, तर दोन हात!

पण ते दोन हात तयार कसे करायचे? जिवंत, धडधाकट माणसाच्या छातीवर असा सराव करता येत नाही. इथे नॉर्वेतल्या स्टावांगरचे खेळणी बनवणारे कारखानदार ओस्मुंड लेर्डाल कामास आले. तोंडाने श्वास देण्याचे शिक्षण देण्यासाठी त्यांनी १९६० मध्ये ‘ॲन’ ही मोठ्या माणसाएवढी बाहुली तयार केली. तिच्या चेहऱ्याची कथा सर्वत्र सांगितली जाते. मला मात्र तिच्या मानेचे अधिक कौतुक वाटते. डोके मागे कलवले नाही तर हवा आत जातच नाही, छाती उचलली जात नाही. चूक झाल्याचे बाहुलीच सांगते. पुढे भूलतज्ज्ञ पीटर साफार यांच्या सूचनेवरून तिच्या छातीत स्प्रिंग बसली. नंतरच्या बाहुल्यांत योग्य खोलीला ‘टक्’ असा आवाज, दिवे, दाबांची नोंद करणारी कागदी पट्टी अशी भर पडत गेली.

शिक्षणशास्त्रात यालाच आपण प्रत्याभरण म्हणतो. १९२७ मध्ये थॉर्नडाइक यांनी लोकांना न पाहता ठरावीक लांबीच्या रेघा काढायला लावल्या. ‘बरोबर’ वा ‘चूक’ एवढे सांगितले तरी रेघा सुधारत. नुसत्या पुनरावृत्तीने नाही. छाती दाबणाऱ्याचीही तीच गत. आपण किती खोल गेलो हे हाताला कळत नाही, आणि शेजारी उभ्या शिक्षकाच्या नजरेलाही साडेतीन व पाच सेंटिमीटरमधला फरक सहसा कळत नाही.

हे किती खरे, ते २००५ मध्ये दिसले. स्टॉकहोम, लंडन व नॉर्वेतील आकर्सहूस येथील रुग्णवाहिकांवरच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचे दाब यंत्राने मोजले गेले. सरासरी खोली ३४ मिलिमीटर भरली. तेव्हाची शिफारस ३८ ते ५१ ची होती. हृदय बंद असतानाचा ४८ टक्के वेळ तर दाबाविनाच गेला होता. शिकलेल्यांची ही कथा, मग वर्षापूर्वी एकदा प्रात्यक्षिक पाहिलेल्या नागरिकाचे काय?

२०१५ च्या सूचनांनुसार खोली ५ ते ६ सेंटिमीटर आणि गती मिनिटाला १०० ते १२० हवी, आणि छाती प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ दिली पाहिजे. हे तिन्ही त्याच क्षणी दाखवणारे संवेदक बाहुलीत किंवा तळहाताखाली बसवता येतात. एक खोच मात्र आहे. तळहाताखालचा संवेदक स्वतः किती खाली गेला तेवढेच मोजतो. बाहुली गादीवर असेल तर गादी दबलेलीही तो छातीच्या खात्यावर मांडतो आणि खोली पुरेशी असल्याचे बिनदिक्कत दाखवतो. तेव्हा शाळेत सराव घ्यायचा तो फरशीवरच.