जिंकणारी मोटार सोडताना: फित्तिपाल्दीचा निर्णय आणि शूमाकरचा

नोव्हेंबर १९७५. ब्राझीलचा एमर्सन फित्तिपाल्दी, वय २८, फॉर्म्युला वनचा दोन वेळचा विश्वविजेता: १९७२ मध्ये लोटसकडून, १९७४ मध्ये मॅक्लारेनकडून. नुकत्याच संपलेल्या मोसमात निकी लाउडाच्या खालोखाल दुसरा. अशा वेळी त्याने मॅक्लारेन सोडले आणि आपल्या पहिल्या मोसमात एकही गुण न मिळवलेल्या संघाची वाट धरली. अव्वल चालकाने संघ बदलावा का, हा वाद निघाला की हा निर्णय आत्मघाताचा नमुना म्हणून सांगितला जातो. आजचा धागा त्यावरच.

हा संघ होता थोरला भाऊ विल्सन याचा. आराखडा ब्राझिलियन अभियंता रिकार्दो दिविला याचा, पैसा कोपरसुकारचा. कोपरसुकार म्हणजे साओ पावलोतील साखर उत्पादकांची सहकारी संस्था (आपल्याकडच्या वाचकांना हा प्रकार नवखा वाटू नये!). देशात लष्करी राजवट होती. त्याच नोव्हेंबरात सरकारने उसापासून इंधन बनवण्याची ‘प्रोआल्कोल’ योजना जाहीर केली होती. ब्राझीलची मोटार, ब्राझीलचा पैसा आणि ब्राझीलचाच विश्वविजेता, या कल्पनेचे त्या काळातले वजन लक्षात घेतल्याशिवाय हा निर्णय समजत नाही.

जानेवारी १९७६ मध्ये इंटरलागोसला, घरच्या प्रेक्षकांसमोर, एमर्सनने पात्रता फेरीत पाचवे स्थान मिळवले. आशेचा तो क्षण अल्पजीवी ठरला. शर्यतीत तो तेरावा आला. पुढे बेल्जियममध्ये तर शर्यतीस पात्रही ठरला नाही. वर्षाची कमाई ३ गुण.

इकडे मॅक्लारेनची रिकामी जागा जेम्स हंटला मिळाली. हेस्केथ संघाने हात आखडता घेतल्याने तो बेकार होता. ज्या एम२३ जातीच्या मोटारीने एमर्सनला १९७४ चे विजेतेपद दिले, तिनेच हंट १९७६ चा विश्वविजेता झाला. हंट ६९, लाउडा ६८. एका गुणाचा फरक.

येथे निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु परिणाम ठाऊक असताना निर्णयाला मूर्खपणा म्हणणे ही पश्चातबुद्धी झाली, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्यापासून चार हात दूर राहावे. म्हणून दुसरे उदाहरण शेजारी ठेवू.

१९९६. मिखाएल शूमाकर, वय २७, हाही दोन वेळचा विश्वविजेता. जिंकणारा बेनेटन संघ सोडून तो फेरारीत गेला. फेरारीचा शेवटचा विश्वविजेता चालक जोडी शेक्टर, तोही १९७९ चा. कागदावर पाहिले तर ही उडीही तितकीच अनाकलनीय! शूमाकरलाही वाट पाहावी लागली. १९९७ मध्ये क्रमवारीतूनच बाद, १९९९ मध्ये सिल्व्हरस्टोनला पाय मोडला, आणि पाचव्या मोसमात, ऑक्टोबर २००० मध्ये, सुझुकाला विजेतेपद.

एमर्सननेही भावाच्या संघाला पाचच मोसम दिले. १९७८ मध्ये रिओला दुसरा क्रमांक, १९८० मध्ये लाँग बीचला तिसरा; बाकी निराशा. मग निवृत्ती.

फरक कशाचा? धीर दोघांकडेही होता आणि कौशल्याविषयी तर शंकाच नको. माझ्या मते फरक सोबतीचा होता. फेरारीत जाँ टॉड १९९३ पासून घडी बसवत होता, फियाटचा पैसा पाठीशी होता, फिओरानोला स्वतःचा चाचणीमार्ग होता; आणि शूमाकरपाठोपाठ बेनेटनमधून रॉस ब्रॉन व रोरी बर्न हे दोघे तंत्रज्ञही तेथे आले. माणसे आणि पैसा एकाच वेळी एका छताखाली होती.

फित्तिपाल्दी संघात ही वेळ कधी जुळलीच नाही. पैसा होता तेव्हा माणसे अपुरी होती. माणसे आली ती १९८० मध्ये: हार्वी पोस्टलथ्वेट, त्याच्या हाताखाली नुकताच पदवी घेतलेला एड्रियन न्यूई (होय, तोच!), आणि चालक म्हणून केके रोझबर्ग. पण तोवर कोपरसुकारने पाठिंबा काढून घेतला होता.

रोझबर्ग तेथे दोन मोसम राहिला. मग संघ बदलून विल्यम्समध्ये गेला आणि पहिल्याच वर्षी, १९८२ मध्ये, विश्वविजेता झाला. त्याच मोसमानंतर फित्तिपाल्दी संघ फॉर्म्युला वनमधून नाहीसा झाला.