मीर सुलतान खान : इंतकालानंतर ५८ वर्षांनी मिळालेला किताब

फेब्रुवारी २०२४ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने (फिडे) मीर सुलतान खान यांना मानद ग्रँडमास्टर हा किताब दिला. तो घ्यायला ते स्वतः हयात नव्हते. १९६६ मध्येच सरगोधा इथे त्यांचा इंतकाल झाला होता. आपल्या घरातल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे?

पंजाबातून लंडनला

सुलतान खान मूळचे पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचे. हा भाग आज पाकिस्तानात आहे. वडिलांनी त्यांना लहानपणीच शतरंज शिकवली, ती देशी पद्धतीची. या खेळात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाता येत नाही. किल्लेकोट नसतो, त्याऐवजी राजा एकदा घोड्यासारखी उडी मारतो. पुढे जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्यांना पदरी ठेवले आणि युरोपीय नियम शिकवण्याची सोय केली. १९२८ मध्ये सुलतान खान अखिल भारतीय स्पर्धा जिंकले आणि १९२९ च्या वसंतात सर उमर यांच्यासोबत लंडनला पोहोचले.

चार-पाच वर्षांची कमाई

- १९२९ : इंग्लंडमध्ये पाऊल ठेवून काही महिने होतात न होतात तोच ब्रिटिश अजिंक्यपद. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही तेच विजेते.
- १९३०-३१ : हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेता कापाब्लांका याच्यावर मात. स्पर्धेत तिसरा क्रमांक.
- १९३१ : तार्ताकोवर याच्याविरुद्धचा सामना जिंकला. प्राग ऑलिम्पियाडमध्ये रुबिनस्टाइनला हरवले आणि जगज्जेता अलेखाइनशी बरोबरी केली.

ऑलिम्पियाडमध्ये ते इंग्लंडकडून पहिल्या पटावर खेळत. म्हणजे राज्य ज्यांचे, त्यांच्या संघाचा सर्वांत भक्कम खेळाडू गुलाम मुल्कातून आलेला होता. समोरचे खेळाडू सुरुवातीच्या चाली पुस्तकांतून पाठ करून येत. सुलतान खान यांच्याकडे तो अभ्यास नव्हता, त्यामुळे सुरुवातीला ते मागे पडत. पण डाव लांबला, मोहरी कमी झाली की त्यांना हरवणे फार कठीण जाई.

फातिमा यांचेही नाव घ्यायला हवे

सर उमर यांच्याच घरातल्या फातिमा या तरुणीने १९३३ मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकले. दहा विजय, एक बरोबरी, हार एकही नाही. त्यानंतर स्पर्धांच्या नोंदींत त्यांचे नाव दिसत नाही.

मायदेशी परत

१९३३ च्या अखेरीस सर उमर मायदेशी परतले, त्यांच्यासोबत सुलतान खानही. १९३५ मध्ये त्यांनी आपल्याकडचे नामवंत खेळाडू वि. का. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना खेळला आणि फक्त एक डाव बरोबरीत सोडला. त्यानंतर मोठ्या स्पर्धा संपल्या. ते शेती पाहू लागले. मुलांना त्यांनी बुद्धिबळ शिकवले नाही. त्यापेक्षा उपयोगाचे काही तरी करा, असे ते सांगत, अशी आठवण त्यांच्या मुलाने सांगितली आहे.

फिडेने ग्रँडमास्टर किताब देणे सुरू केले १९५० मध्ये. जुन्या काळातल्या काही दिग्गजांना तो तेव्हाच मिळाला, त्यात रुबिनस्टाइन आणि तार्ताकोवर होते. त्यांना पटावर हरवणाऱ्या सुलतान खान यांचे नाव मात्र यादीत आले नाही.

'निरक्षर नोकर' हे चित्र

पाश्चात्त्य लेखनात त्यांना बरीच वर्षे 'निरक्षर नोकर' म्हणून रंगवले गेले. त्यांच्या कुटुंबीयांनी हे चित्र नाकारले आहे. ते चित्र वाचायला चटकदार आहे, पण त्यात मेहनत झाकली जाते आणि सारे काही जणू जादूने घडले असे वाटते. नऊ वर्षांचा मुलगा वडिलांपुढे पट मांडून बसला, तिथून ही वाटचाल सुरू झाली होती.

त्यांचे डाव आजही छापलेले मिळतात. घरात बुद्धिबळ शिकणारे मूल असेल तर कापाब्लांकाविरुद्धचा डाव त्याच्यासोबत एकदा जरूर मांडून पाहा.