ओल्डहॅम, कलकत्ता, परळ

मंडळाच्या हळदीकुंकवात एखाद्या सुनेला कोणीतरी हमखास विचारते, "मग, गोड बातमी कधी?" विचारणारीच्या मनात वाईट काही नसते, पण जिला विचारले तिची संध्याकाळ तिथेच संपते. या प्रश्नामागच्या धास्तीने एकदा इतिहासच झाकून टाकला होता, त्याची ही हकीकत.

२५ जुलै १९७८ रोजी मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅम येथे लुईस ब्राऊनचा जन्म झाला. तिच्या आईच्या बीजवाहक नलिका बंद होत्या. डॉ. पॅट्रिक स्टेप्टो यांनी दुर्बिणीने स्त्रीबीज काढले. रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांनी ते प्रयोगशाळेत फलित करून वाढवले. नाव पडले 'टेस्ट ट्यूब बेबी', पण काम झाले काचेच्या बशीत!

बरोबर दहा आठवड्यांनी, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यात 'दुर्गा' जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची रीत निराळी होती. ओल्डहॅमला नैसर्गिक पाळीतल्या एका स्त्रीबीजावर काम झाले. त्यांनी संप्रेरके देऊन एकाहून अधिक बीजे तयार करवली. मग गर्भ डायमिथाइल सल्फॉक्साइड वापरून गोठवला आणि नंतरच्या पाळीत गर्भाशयात ठेवला. आम्हा रसायनवाल्यांच्या फडताळातला हा नेहमीचा द्रावक. तो पेशीत शिरतो आणि पेशी फोडणारे बर्फाचे स्फटिक होण्यास अटकाव करतो. गोठवलेल्या गर्भापासून मूल झाल्याची दुसरी बातमी आली ती १९८४ साली, ऑस्ट्रेलियातून.

परंतु राज्य सरकारच्या समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला. लोक काय म्हणतील या भीतीने दुर्गाचे कुटुंब पुढे आले नाही. डॉक्टरांना परदेशी जाऊ दिले नाही. पुढे बदली झाली ती नेत्ररोगाच्या संस्थेत. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे हे यश भारतातले पहिले म्हणून नोंदले गेले. १९९७ साली आनंद कुमार यांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रे वाचली आणि जाहीरपणे लिहिले की पहिला मान त्यांचा. स्वतःकडे आलेला मान असा परत करणारे किती असतात? २००३ साली, पंचविसाव्या वाढदिवसाला, दुर्गाही स्वतःच्या नावाने लोकांसमोर आली.

आपल्या घरांतली भीती मात्र अजून गेलेली नाही. एक वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर जीपीकडे जावे. स्त्रीचे वय ३६ किंवा अधिक असेल तर त्याआधीच. जायचे ते दोघांनी. कारण पुरुषात असू शकते, दोघांत असू शकते, आणि कधी सापडतही नाही. वीर्यतपासणी सोपी असते, तिला टाळाटाळ नको. काहींना नुसत्या औषधांनी गुण येतो, काहींना आयव्हीएफ लागते. शुक्रजंतू कमी असतील तर एकच शुक्रजंतू बीजात सोडण्याची 'इक्सी' १९९२ पासून आहे. यश दरवेळी येतेच असे नाही. दत्तक घेण्याचा मार्गही तितकाच सन्मानाचा.

आणि पुढच्या हळदीकुंकवाला तो प्रश्न ओठांवर आलाच, तर तिळगूळ हातावर ठेवावा आणि गोड बोलावे, एवढेच.