क्लास व्हेरिएबल आणि इनहेरिटन्स : जिल्ह्याचं नाव बदललं, मग सोनईचं का नाही?

क्लास व्हेरिएबल हे एकेका ऑब्जेक्टचं नसतं, पूर्ण क्लासचं असतं. चाइल्ड क्लासला ते वारशाने मिळतं. पण मिळतं म्हणजे त्याची कॉपी मिळते का? पायथनमध्ये तरी नाही. मिळते ती फक्त वर शोधत जायची वाट.

उदाहरण
२०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं. समजा, कुरिअरची लेबलं छापणाऱ्या एका ॲपमध्ये ‘पत्ता’ हा पॅरेंट क्लास आहे. त्याचे चाइल्ड ‘नेवासापत्ता’ आणि ‘राहुरीपत्ता’. सोनई नेवासा तालुक्यात, म्हणून ‘सोनईपत्ता’ हा नेवासापत्ताचा चाइल्ड. जिल्हा फक्त सगळ्यात वर लिहिलाय:

पत्ता.जिल्हा = "अहमदनगर"

व्हॅल्यू वाचताना
सोनईपत्ता.जिल्हा विचारलं की पायथन आधी सोनईपत्तामध्ये बघतं. तिथे नसेल तर नेवासापत्तामध्ये, मग पत्तामध्ये. त्यामुळे वरची एकच ओळ बदलली, की सगळीकडे नवं नाव येतं:

पत्ता.जिल्हा = "अहिल्यानगर"

व्हॅल्यू देताना
गडबड इथे होते. समजा, कुणीतरी बोलण्यातलं नाव आधीच टाकून ठेवलंय:

सोनईपत्ता.जिल्हा = "नगर"

असाइन करताना पायथन वर जात नाही. सोनईपत्ताचं स्वतःचं वेगळं व्हेरिएबल तयार होतं आणि वरचं झाकलं जातं. आता पत्तामध्ये काहीही बदला, सोनईच्या लेबलवर ‘नगर’च छापून येणार. एरर येत नाही, म्हणून चूक लवकर सापडतही नाही. उपाय सोपा आहे: खालचं व्हेरिएबल डिलीट करा, वारसा पुन्हा सुरू.

लिस्ट असेल तर?
पत्ता.गावे ही लिस्ट आहे आणि तुम्ही सोनईपत्ता.गावे म्हणून तिला एक नाव अपेंड केलं, तर ते राहुरीपत्तालाही दिसेल. इथे असाइन झालंच नाही. सगळे एकच लिस्ट वापरतायत.

जावामध्ये वेगळं
जावात याला स्टॅटिक व्हेरिएबल म्हणतात. सोनईपत्तामध्ये ते पुन्हा डिक्लेअर केलेलं नसेल, तर सोनईपत्ता.जिल्हा बदलल्यावर थेट पत्तामधलीच व्हॅल्यू बदलते. म्हणजे राहुरीच्या लेबलवरही ‘नगर’ येईल!

लक्षात ठेवा
पायथनमध्ये वाचताना शोध वर जातो, असाइन केलेलं जिथल्या तिथे राहतं. सगळ्यांसाठी बदल हवा असेल तर तो पॅरेंटच्या नावानेच करा.