वेब सर्व्हर आणि रूटचा अधिकार : एक ऐतिहासिक आढावा

समजा, भिलाईच्या स्मृती नगरातील आपल्या खोलीत बसून तुम्ही लिनक्सवर वेब सर्व्हर सुरू करत आहात. ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो. आज्ञेआधी ‘सुडो’ लिहिले की तोच सर्व्हर चालू होतो. असे का, याचे उत्तर इतिहासात सापडते.

१९६९ साली बेल लॅब्समध्ये युनिक्सचा आरंभ झाला. त्यात ‘रूट’ या वापरकर्त्याला सर्वाधिकार होते, इतरांना मर्यादित. पुढे १९८०च्या दशकाच्या प्रारंभी बर्कलेच्या युनिक्समध्ये एक नियम आला : १०२४ पेक्षा लहान क्रमांकाचे पोर्ट फक्त रूटनेच उघडावेत. अशा पोर्टवरील सेवा यंत्राच्या प्रशासकानेच चालवलेली आहे, याची खात्री इतर यंत्रांना मिळावी, हा त्यामागील हेतू होता.

वेबसाठी ८० हा पोर्ट ठरला आणि पेच उभा राहिला. पोर्ट उघडायला रूट हवा. पण अनोळखी लोकांच्या विनंत्या रूटनेच वाचल्या, तर सर्व्हरमधील एका चुकीने सारे यंत्र परक्याच्या हाती जाईल. १९९५ साली आलेल्या अपाचे सर्व्हरमध्ये यावर कामाची वाटणी केलेली दिसते. मूळ प्रक्रिया रूट म्हणून पोर्ट उघडते. विनंत्या मात्र अल्पाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालणाऱ्या उपप्रक्रिया हाताळतात. शिवकाळात किल्ल्याचा कारभार हवालदार, सबनीस, सरनोबत यांच्यात वाटलेला असे, त्यातलेच हे तत्त्व.

हे तत्त्व न पाळल्याची किंमत जुलै २००१ मध्ये दिसली. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरमधील एका त्रुटीतून ‘कोड रेड’ हा किडा शिरला. सदोष भाग यंत्राच्या सर्वोच्च अधिकाराने चालत असल्यामुळे किड्यालाही तोच अधिकार मिळाला. १४ तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक संगणक बाधित झाले. दुरुस्ती महिनाभर आधीच उपलब्ध होती. अनेकांनी ती बसवली नव्हती. २००३ च्या आवृत्तीत विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रियांचे अधिकार मायक्रोसॉफ्टने कमी केले.

लिनक्सने १९९९ साली, २.२ या आवृत्तीत, रूटच्या अधिकाराचे सुटे भाग केले होते. त्यामुळे आज केवळ लहान क्रमांकाचा पोर्ट उघडण्यापुरती परवानगीही सर्व्हरला देता येते.

स्वाध्याय : तुमच्या सर्व्हरच्या प्रक्रियांची यादी काढा. विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रियेपुढे ‘रूट’ दिसत असेल, तर आधी ते बदला.