खेळाडू आणि प्रशिक्षक : विल्यम रसेल

१९६६ सालच्या एप्रिल महिन्यांत बोस्टन सेल्टिक्स या अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉल संघाचा नवा प्रशिक्षक म्हणून विल्यम रसेल याचें नांव जाहीर झालें, तेव्हां एका वार्ताहरानें त्यास विचारलें कीं, हें काम तुम्ही वर्णाचा पक्षपात न करतां करूं शकाल काय ? रसेल कृष्णवर्णीय होता. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या वीस वर्षांच्या इतिहासांत कृष्णवर्णीय मनुष्यास ही जागा प्रथमच मिळत होती. त्यानें होकार दिला. गोऱ्या प्रशिक्षकांस हा प्रश्न विचारण्याचें मात्र कोणास सुचत नसे !

रसेलचा जन्म १९३४ सालीं लुइझिआना संस्थानांतील मन्रो गांवीं झाला. पुढें तें कुटुंब कॅलिफोर्नियांत ओकलंड येथें आलें. सॅन फ्रॅन्सिस्को विश्वविद्यालयाच्या संघास दोनदां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देऊन व १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक जिंकून तो सेल्टिक्समध्यें दाखल झाला. या खेळांत दहा फूट उंचीवरील कड्यांत चेंडू टाकणाऱ्याची वाहवा होते. रसेलनें कीर्ति मिळविली ती प्रतिपक्षाचा चेंडू अडवून. अडविलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेण्याऐवजीं, तो आपल्याच सोबत्याच्या हातीं जाईल असा अलगद टोलविण्यांत त्याचें कौशल्य होतें. प्रतिपक्षाचे गुण बुडत आणि त्याच क्षणीं सेल्टिक्सची चढाई सुरू होई. रेड ऑरबॅक यांच्या मार्गदर्शनाखालीं १९५७ पासून १९६६ पर्यंत संघानें नऊ अजिंक्यपदें मिळविलीं. त्यांतलीं आठ ओळीनें.

ऑरबॅक यांची जागा घेतल्यावरहि रसेलनें खेळ सोडला नाहीं, आणि खरी अडचण येथेंच होती. बाकावर बसलेला प्रशिक्षक डावाकडे अलिप्तपणें पाहूं शकतो. कोण थकला, कोणास उतरवावें, हें त्यास दिसतें. रसेल कड्याखालीं सात फूट उंचीच्या विल्ट चेंबरलेनशीं झुंजत असे, आणि त्याच घटकेस हे सारे निर्णयहि त्यासच घ्यावे लागत. पहिल्याच हंगामांत, १९६७ सालीं, चेंबरलेनच्या फिलाडेल्फिया संघानें सेल्टिक्सचा ४-१ असा पराभव केला व आठ वर्षांची परंपरा तुटली.

पुढच्या वर्षीं पुन्हां तोच प्रतिस्पर्धी. तीन सामने हातचे गेले, एकच जिंकला. तरी उरलेले तिन्ही सामने सेल्टिक्सनें घेतले आणि लॉस एंजेल्सच्या लेकर्स संघास हरवून अजिंक्यपद परत आणिलें. १९६९ सालीं संघ वयानें थकला होता. आपल्या विभागांत तो चौथा आला. तरीहि अंतिम फेरींत लेकर्सशीं तीन-तीन अशी बरोबरी झाली. सातवा सामना ५ मे रोजीं लॉस एंजेल्समध्यें होता व यजमान मालकानें विजयोत्सवाचे फुगे छताशीं आधींच बांधून ठेविले होते ! सेल्टिक्सनें १०८-१०६ असा सामना जिंकला; फुगे वरच राहिले. त्या दिवशीं रसेलचे स्वतःचे गुण अवघे सहा. पण कड्यावरून उसळलेले चेंडू त्यानें एकवीस वेळां हस्तगत केले.

तेरा हंगामांतील हें अकरावें अजिंक्यपद मिळवून त्यानें दोन्ही कामें एकदमच सोडलीं. पुढच्या हंगामांत सेल्टिक्सचे विजय ४८ वरून ३४ वर आले. नंतर सिअॅटल संघास त्यानें १९७५ सालीं प्रथमच बादफेरींत नेलें. सॅक्रॅमेंटो येथें मात्र १९८७-८८ च्या हंगामांत ५८ सामन्यांपैकीं सतराच जिंकतां आले. यावरून प्रशिक्षक या नात्यानें त्यास सामान्य ठरविणें सोपें आहे. परंतु बोस्टनमध्यें सोबत्यांस जें सांगावयाचें तें तो त्यांच्या डोळ्यांदेखत करून दाखवीत असे. सॅक्रॅमेंटोंत त्याच्यापाशीं केवळ शब्द उरले होते.

बोस्टनशीं त्याचें मन कधींच पुरतें जुळलें नाहीं. शेजारच्या रेडिंग गांवीं त्याच्या घरांत शिरून नासधूस करण्यांत आली होती. १९७२ सालीं सेल्टिक्सनें त्याचा ६ क्रमांक कायमचा राखून ठेविला, तो समारंभ प्रेक्षक आंत येण्यापूर्वींच, जुन्या सोबत्यांदेखत, त्याच्या इच्छेप्रमाणें उरकण्यांत आला. २०२२ च्या जुलैमध्यें तो निवर्तला, तेव्हां हाच क्रमांक कोणत्याहि संघांत नव्यानें कोणास न देण्याचें असोसिएशननें ठरविलें.